डिटेक्टिव्ह डी अँड द मिस्टरी ऑफ द फँटम फ्लेम

तांग राजवंशाच्या काळातील चिनी न्यायाधीश व राजनीतिज्ञ दी रनज्ये (६३०–७००) याच्या व्यक्तिरेखेवर आधारलेला रहस्यप्रधान साहसपट. मूळ चिनी शीर्षकाचा आशय ‘दी रनज्ये आणि गगनस्पर्शी साम्राज्य’ असा आहे. दिग्दर्शन हाँगकाँगचा ख्यातनाम दिग्दर्शक त्सुई हार्क याचे, निर्मिती हुआयी ब्रदर्स या चिनी संस्थेची आणि साहसदृश्यांची आखणी सामो हुंग याची. अँडी लाऊ (दी रनज्ये), करीना लाऊ (वू झेत्येन), ली बिंगबिंग (शांगग्वान जिंगअर), देंग चाओ (पेई दुंगलाय) आणि टोनी ल्युंग का-फाय (शातुओ जुंग) यांच्या त्यात प्रमुख भूमिका आहेत. सप्टेंबर २०१० मध्ये व्हेनिसच्या सदुसष्टाव्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात, स्पर्धा विभागात, तो प्रथम दाखविण्यात आला व त्याच महिन्याच्या अखेरीस चीन आणि हाँगकाँग येथे प्रदर्शित झाला.

सुमारे तेराशे वर्षांपूर्वी होऊन गेलेली एक ऐतिहासिक व्यक्ती लोककथेत न्यायाधीश झाली, विसाव्या शतकात एका डच लेखकाच्या लेखणीतून जगभर गुप्तहेर म्हणून ओळखली गेली आणि अखेरीस आपल्याच भूमीतील रुपेरी पडद्यावर शस्त्रधारी वीर म्हणून परतली. या स्थित्यंतराचा शेवटचा टप्पा म्हणून या चित्रपटाचे महत्त्व आहे. प्रत्येक टप्प्यावर नायकाचे साधन बदलले : आधी लेखणी, मग न्यायासन, मग तर्कबुद्धी व शेवटी शस्त्र. पण त्याच्यापुढील प्रश्न मात्र बदलला नाही. ज्या सत्तेच्या आज्ञेने सत्याचा शोध घ्यावयाचा, त्याच सत्तेला अप्रिय सत्य कसे सांगावे, हा तो प्रश्न होय.

ऐतिहासिक दी रनज्ये : दी रनज्ये याचा जन्म उत्तर चीनमधील आजच्या ताययुआन परिसरात एका अधिकारी घराण्यात झाला. सम्राट गावझुंग याच्या कारकीर्दीत तो राजधानीतील सर्वोच्च न्यायालयात अधिकारी होता. तुंबून राहिलेल्या खटल्यांचा त्याने एका वर्षात निकाल लावला; त्या खटल्यांत सुमारे १७,००० माणसे गुंतलेली होती व त्यांपैकी कोणीही अन्याय झाल्याची तक्रार केली नाही, असे तांग काळाचा अधिकृत इतिहास सांगतो. हा आकडा अतिशयोक्त असण्याचा संभव असला, तरी पुढील सर्व दंतकथांचे बीज या एका वाक्यात आहे. ६७६ मध्ये एका सेनाधिकाऱ्याने राजघराण्याच्या समाधिस्थानावरील वृक्ष चुकून तोडविला. क्रुद्ध सम्राटाने त्याला देहान्ताची शिक्षा फर्माविली. तेव्हा या गुन्ह्यास कायद्यात मृत्युदंड सांगितलेला नाही, असे दी याने निर्भयपणे सुनावले व त्या अधिकाऱ्याचा जीव वाचविला.

गावझुंगच्या मृत्यूनंतर सत्तेची सर्व सूत्रे त्याची विधवा वू झेत्येन (६२४–७०५) हिच्या हाती आली. ६९० मध्ये तिने तांग वंशाची सत्ता बाजूस सारून स्वतःचा झोऊ राजवंश घोषित केला. चीनच्या दीर्घ इतिहासात सम्राटपद स्वतःच्या नावाने धारण करणारी ती एकमेव स्त्री होय. ती कर्तबगार व गुणग्राही होती. तथापि विरोध मोडून काढण्यासाठी तिने हेरांचे व चहाडखोरांचे जाळे उभारले. ६८६ मध्ये तिने काशाच्या पेट्या ठेवविल्या. कोणीही त्यांत तक्रार वा गुप्त माहिती टाकावी, अशी व्यवस्था होती. या व्यवस्थेतून लाय जुनचन याच्यासारखे क्रूर तपास-अधिकारी पुढे आले.

त्यांचा तडाखा खुद्द दी रनज्ये यालाही बसला. ६९१ मध्ये तो मंत्रिपदावर चढला आणि पुढच्याच वर्षी लाय जुनचनने त्याच्यावर राजद्रोहाचा आरोप ठेवला. पहिल्याच चौकशीत गुन्हा कबूल करणाऱ्यास देहदंडातून सूट मिळत असे. हे ध्यानी घेऊन दी याने न केलेला गुन्हा तत्काळ कबूल केला आणि छळ टाळला. मग पांघरुणाच्या कापडावर अर्ज लिहून तो रुईच्या अंगरख्यात दडवून मुलाकडे पोहोचविला. मुलाने तो वू झेत्येनपुढे ठेवल्यावर दी याचे प्राण वाचले. मात्र त्याची पदावनती होऊन त्याला दूरच्या परगण्यात साधा दंडाधिकारी म्हणून जावे लागले. चिनी न्यायपद्धतीत आरोपीचा कबुलीजबाब हा निकालाचा मुख्य आधार असे. त्या पद्धतीतील सर्वांत नामांकित न्यायाधीशाला स्वतःचा जीव खोट्या कबुलीजबाबाने वाचवावा लागला, हा त्याच्या चरित्रातील बोलका प्रसंग होय.

६९७ मध्ये तो पुन्हा मंत्री झाला. राज्य आपल्या माहेरच्या वू घराण्याकडे न सोपविता स्वतःच्या मुलाला द्यावे, हे वू झेत्येनला पटवून देण्यात त्याचा मोठा वाटा होता. ७०० मध्ये तो मरण पावला. त्यानेच शिफारस केलेल्या जांग जियानझ या मंत्र्याने ७०५ मध्ये वृद्ध वू झेत्येनला पदत्याग करावयास लावून तांग वंश पुन्हा गादीवर आणला.

न्यायाधीशकथांची परंपरा : चिनी कथावाङ्‌मयात ‘गुंगआन’ नावाचा एक जुना प्रकार आहे. गुंगआन म्हणजे न्यायाधीशापुढील मेज व त्यावरून पुढे न्यायालयीन प्रकरण. सुंग काळातील कथेकरी बाजारपेठांतून अशा कथा रंगवून सांगत. युआन काळात त्यांवर नाटके झाली आणि मिंग व चिंग काळांत कादंबऱ्या रचल्या गेल्या. या परंपरेचा सर्वांत लोकप्रिय नायक म्हणजे सुंग काळातील न्यायाधीश बाव झंग (९९९–१०६२). दी रनज्ये हा त्याच्या मागोमाग येतो.

पाश्चात्त्य गुप्तहेरकथेहून ही कथा अनेक बाबतींत वेगळी आहे. तिचा नायक खाजगी हेर नसून परगण्याचा दंडाधिकारी असतो. फिर्याद ऐकणे, प्रेताची तपासणी करविणे, आरोपीला पकडणे, त्याची उलटतपासणी घेणे आणि शिक्षा ठोठावणे ही सर्व कामे त्याच्या एकट्याकडे असतात. गुन्हेगार कोण, हे वाचकाला पुष्कळदा आरंभीच कळते. उत्कंठा असते ती न्यायाधीश त्याला कसा गाठतो याची. मृतांचे आत्मे, स्वप्ने व शकुन न्यायाधीशाला दिशा दाखवितात. कबुलीसाठी आरोपीला फटके मारणे यात कोणाला गैर वाटत नाही. मात्र निरपराध माणसाचा छळ केल्याचे सिद्ध झाल्यास न्यायाधीशालाही जबाबदार धरले जाते. शेवटी शिक्षेची अंमलबजावणी तपशीलवार सांगितली जाते, कारण बिघडलेली समाजव्यवस्था पूर्ववत झाल्याचे समाधान श्रोत्यांना हवे असते.

चिंग काळाच्या उत्तरार्धात, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, दी रनज्येवरील वू झेत्येन स दा ची-आन (वू झेत्येनच्या काळातील चार अद्‌भुत प्रकरणे) ही चौसष्ट प्रकरणांची कादंबरी छापली गेली. तिचा कर्ता अज्ञात आहे. पहिल्या तीस प्रकरणांत दी हा परगण्यातील न्यायाधीश म्हणून खुनांचा छडा लावतो. पुढच्या भागात तो वू झेत्येनच्या दरबारातील भ्रष्टाचाराशी झुंजतो. पूर्वार्धातील एक प्रकरण विशेष प्रसिद्ध आहे. लग्नाच्या रात्री नववधू चहा पिऊन मरते व संशय एका तरुणावर जातो. चहाचे पाणी जेथे उकळले जाते, त्या जागेवरचे वासे कुजलेले असून त्यांत विषारी साप राहतो. वाफेने तो बाहेर डोकावतो आणि त्याचे विष भांड्यात ठिबकते, असे न्यायाधीश प्रत्यक्ष पाहणीने सिद्ध करतो. भुताटकी वा कपट वाटणाऱ्या घटनेमागे एक क्षुद्र प्राणी असावा, ही कल्पना पुढे त्सुई हार्कच्या चित्रपटातही दिसते.

व्हान ग्यूलिक आणि ‘जज डी’ : दी रनज्येला चीनबाहेर नेण्याचे श्रेय रॉबर्ट हान्स व्हान ग्यूलिक (१९१०–६७) या डच मुत्सद्द्याचे. त्याचे बालपण जावामध्ये गेले. लायडन व उत्रेक्त येथे त्याने चिनी, जपानी व संस्कृत भाषांचा अभ्यास केला. कालिदासाच्या विक्रमोर्वशीयाचे डच भाषांतर त्याने १९३२ मध्ये प्रसिद्ध केले. १९३५ मध्ये त्याचा हयग्रीव या देवतेच्या चीन व जपानमधील उपासनेवरील प्रबंध प्रकाशित झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तो चीनच्या तत्कालीन राजधानीत, चुंगचिंग येथे, डच वकिलातीत होता. पुढे १९५० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत त्याची नेमणूक नवी दिल्ली येथे झाली. चीन व जपानमधील संस्कृत अध्ययनाच्या इतिहासावरील सिद्धम् हा त्याचा ग्रंथ डॉ. रघुवीर यांच्या इंटरनॅशनल अकॅडेमी ऑफ इंडियन कल्चर या संस्थेने १९५६ मध्ये नागपूर येथून प्रकाशित केला. अशा रीतीने न्यायाधीश दी याच्या आधुनिक जीर्णोद्धारकाचे महाराष्ट्राशी एक विद्याविषयक नाते जडले आहे.

उपर्युक्त चिनी कादंबरीच्या पहिल्या तीस प्रकरणांचे इंग्रजी भाषांतर त्याने डी गुंग आन या नावाने १९४९ मध्ये टोकिओ येथे स्वखर्चाने छापले. उत्तरार्ध दुसऱ्याच कोणा लेखकाने मागाहून जोडला असावा असे त्याचे मत असल्याने तो त्याने गाळला. दी याच्या इंग्रजी नावाचा ‘डी’ हा उच्चार त्याच्याच लिप्यंतरातून रूढ झाला. त्या काळी चीन व जपानमधील लेखक पाश्चात्त्य रहस्यकथांच्या अनुकरणात गुंतले होते. त्यांना स्वतःच्या परंपरेचे सामर्थ्य दाखवावे, या हेतूने त्याने एक नवी कादंबरी रचली. ती प्रथम जपानी भाषांतरात (१९५१) व नंतर त्याने स्वतः केलेल्या चिनी रूपात (१९५३) निघाली. इंग्रजी मूळ द चायनीज मेझ मर्डर्स या नावाने १९५६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानंतर मृत्यूपर्यंत त्याने दी याच्यावर डझनाहून अधिक पुस्तके लिहिली आणि त्यांतील चित्रेही मिंग काळातील लाकडी ठशांच्या धर्तीवर स्वतःच काढली.

व्हान ग्यूलिकने जुन्या प्रकाराची चौकट राखली, पण तिच्यात महत्त्वाचे फेरफार केले. एकाच वेळी तीन प्रकरणांचा गुंता चालविण्याची पद्धत त्याने कायम ठेवली. गुन्हेगाराचे नाव मात्र शेवटपर्यंत झाकून ठेवले. अतींद्रिय घटनांना त्याने बहुधा नैसर्गिक उलगडा दिला आणि छळाचा उपयोग बराच कमी केला. त्यामुळे त्याचा दी हा एकाच वेळी शेरलॉक होम्सचा समव्यवसायी आणि कन्फ्यूशसच्या शिकवणीत मुरलेला अधिकारी झाला. तथापि त्याच्या कादंबऱ्यांतून वू झेत्येन बहुतांशी पडद्याआडच राहते. परगण्यातील न्यायालयाची चौकट स्वीकारल्याने सम्राज्ञी आणि न्यायाधीश यांच्यातील संघर्षाला तेथे फारसा वाव नव्हता. चित्रपटाने पुढे आणला तो नेमका हाच संघर्ष.

पूर्वीची दृक्‌रूपे : व्हान ग्यूलिकच्या कथांवर ब्रिटनमध्ये ग्रॅनडा कंपनीने १९६९ मध्ये जज डी ही दूरदर्शन-मालिका काढली; तीत मायकेल गुडलिफ हा ब्रिटिश नट दी झाला होता. अमेरिकेत १९७४ मध्ये जज डी अँड द मोनॅस्टरी मर्डर्स हा दूरदर्शन-चित्रपट निघाला. चीनमध्ये २००४ पासून केंद्रीय दूरदर्शनवर प्रसारित झालेल्या मालिकेने दी याला घरोघरी पोहोचविले. तीत ल्यांग ग्वानहुआ या नटाने दी याचे काम केले. हा दी स्थूल, प्रौढ व मिस्कील आहे. सहायक ली युआनफांग याचे मत विचारण्याची त्याची लकब चीनमध्ये म्हणीसारखी झाली. मारामारीची कामे सहायकाकडे आणि विचाराची कामे न्यायाधीशाकडे, अशी येथे स्पष्ट विभागणी होती. २०१० च्या चित्रपटाने ही विभागणीच मोडून टाकली.

त्सुई हार्क हा व्हिएटनाममध्ये वाढलेला व अमेरिकेत टेक्सास येथे चित्रपटविद्या शिकलेला दिग्दर्शक. त्याचा पहिला चित्रपट द बटरफ्लाय मर्डर्स (१९७९) हा या संदर्भात लक्षणीय आहे. फुलपाखरांचे थवे माणसांचे बळी घेत आहेत, अशा एका गढीतील रहस्याची ती कथा असून शस्त्रवीरांची ‘वूश्या’ कथा आणि रहस्यकथा यांचा मेळ घालण्याचा प्रयत्न तिच्यात आहे. झू : वॉरिअर्स फ्रॉम द मॅजिक मौंटन (१९८३) या चित्रपटात त्याने चिनी अद्‌भुतकथेला आधुनिक दृश्यचमत्कृतींची जोड दिली आणि वन्स अपॉन अ टाइम इन चायना (१९९१) द्वारा वोंग फे-हुंग या जुन्या लोकनायकाचे पुनरुज्जीवन केले. दी रनज्येवरील चित्रपटात हे तिन्ही धागे एकत्र आले आहेत.

कथानक : कथा लोयांग या राजधानीत, वू झेत्येनच्या राज्यारोहणाच्या पूर्वसंध्येस घडते. राजवाड्यासमोर एक प्रचंड पोकळ बुद्धमूर्ती उभारली जात आहे. तिचे काम पाहणारा एक अधिकारी भर उन्हात एकाएकी आतून पेट घेऊन जळून खाक होतो. थोड्याच दिवसांत दुसऱ्या एका उच्च अधिकाऱ्याचीही तीच गत होते. मूर्तीच्या मध्यस्तंभावरील मंत्रपत्रे हलविल्याने दैवी कोप झाला, अशी कुजबुज सुरू होते. अशा वेळी वू झेत्येन आपल्याच राजवटीला विरोध केल्याबद्दल आठ वर्षे तुरुंगात डांबलेल्या दी रनज्येला सोडविते आणि तपासाचे काम त्याच्यावर सोपविते. त्याच्यावर पाळत ठेवण्यासाठी ती आपली विश्वासू परिचारिका शांगग्वान जिंगअर हिला पाठविते. पेई दुंगलाय हा पांढऱ्या केसांचा, करड्या शिस्तीचा न्यायाधिकारी त्यांना येऊन मिळतो.

तपासाचा माग शहराखालील ‘भुतांच्या बाजारा’त जातो. हे एक जमिनीखालचे, अंधारे नगर असून तेथे परागंदा वैद्य, चोर व गुन्हेगार राहतात. तेथे अग्निभुंग्यांचा उलगडा होतो. पाण्यावाटे पोटात गेलेले या भुंग्यांचे विष सूर्यप्रकाश लागताच शरीराला आतून पेटविते. या कारस्थानाचा सूत्रधार निघतो तो दी याचा जुना सहकारी व मूर्तीच्या बांधकामाचा प्रमुख शातुओ जुंग. वू झेत्येनविरुद्धच्या जुन्या उठावात त्याने आपला एक हात गमावलेला असतो. राज्यारोहणाच्या क्षणी स्तंभ वितळवून मूर्ती राजवाड्यावर कोसळवावयाची, हा त्याचा बेत. दी तो उधळून लावतो व मूर्ती भलत्या दिशेला पाडतो. परंतु तोपर्यंत जिंगअर व पेई हे दोघेही प्राणास मुकलेले असतात आणि दी स्वतः विषाने ग्रस्त झालेला असतो. वू झेत्येन सिंहासनावर बसते. सूर्यप्रकाशाला कायमचा पारखा झालेला दी न्यायाने राज्य करण्याचे तिला बजावून भूमिगत नगराच्या अंधारात निघून जातो.

इतिहास आणि कल्पित : चित्रपटातील तपशील इतिहासाशी ताडून पाहता पुष्कळ अंतर दिसते. राज्यारोहणापूर्वीच्या काळात दी तुरुंगात नव्हता. ६८८ मध्ये तो दक्षिणेकडील प्रांतांत राजप्रतिनिधी होता व तेथे त्याने अनधिकृत देवतांची सुमारे १,७०० देवळे पाडविली, अशी नोंद आहे. त्याच वर्षी एका राजपुत्राचे बंड मोडल्यावर शेकडो कुटुंबांना शिक्षा होऊ घातली होती. दी याने त्यांच्या बाजूने रदबदली केली व त्यांना मृत्यूऐवजी हद्दपारीची शिक्षा झाली. शांगग्वान जिंगअर ही कल्पित असली, तरी तिचे नाव वू झेत्येनची विदुषी सचिव शांगग्वान वानअर (६६४–७१०) हिची आठवण करून देते.

प्रचंड बुद्धमूर्तीची कल्पना मात्र निराधार नाही. वू झेत्येनने बौद्ध धर्माचा राजकीय आधार म्हणून कुशलतेने उपयोग केला. आपण मैत्रेयाचा अवतार आहोत, या समजाला तिने उत्तेजन दिले आणि ६९० मध्ये महामेघसूत्रावरील भाष्याच्या द्वारा स्त्रीच्या राज्याधिकाराला धार्मिक समर्थन मिळविले. लोयांगजवळच्या लुंगमन लेण्यांतील, ६७५ मध्ये पूर्ण झालेल्या, सु. १७ मी. उंचीच्या वैरोचन बुद्धमूर्तीसाठी तिने आपल्या प्रसाधनखर्चातून देणगी दिली होती. ६८८ मध्ये राजवाड्याच्या परिसरात ‘मिंगतांग’ हे भव्य सभागृह पूर्ण झाले. त्यामागे एका विराट बुद्धमूर्तीसाठी ‘स्वर्गमंदिर’ बांधण्यात आले. ६९५ मध्ये ही दोन्ही जळून गेली. वू झेत्येनच्या मर्जीतून उतरलेला श्वे हुआयी हा भिक्षू या आगीला कारणीभूत होता, असे इतिहासकार सांगतात. चित्रपटातील मूर्ती, आग आणि दुखावलेला बांधकामप्रमुख यांची मुळे या घटनांत शोधता येतात.

त्याहून महत्त्वाचा प्रसंग ७०० सालचा आहे. वू झेत्येनला आणखी एक प्रचंड बुद्धमूर्ती घडवावयाची होती व त्यासाठी देशातील प्रत्येक भिक्षूने व भिक्षुणीने रोज एक नाणे द्यावे, असे तिने ठरविले. मृत्यूपूर्वी काही महिने दी याने याविरुद्ध निवेदन सादर केले. करुणा हे ज्या धर्माचे सार, त्याच्या नावाने लोकांना राबविणे उचित नव्हे. शिवाय सीमेवरील संरक्षण व दुष्काळ यांकडे पाहता तिजोरीवर हा भार टाकता येणार नाही, असा त्याचा युक्तिवाद होता. तो मान्य होऊन काम थांबले. म्हणजे पडद्यावरच्या दी याने जी मूर्ती बाहुबलाने कोसळविली, तशीच एक मूर्ती खऱ्या दी याने एका अर्जाने उभीच राहू दिली नाही. चित्रपटकर्त्यांनी हा प्रसंग कथेत घेतलेला नाही; पण दोन्ही चित्रे शेजारी ठेवली, म्हणजे इतिहासातील धैर्य आणि पडद्यावरील पराक्रम यांत काय फरक असतो, ते नेमके कळते.

तपास आणि द्वंद्व : रहस्यकथेचा कस तर्कात असतो, साहसपटाचा गतीत. हे दोन प्रकार एकत्र आणताना एक सहसा दुसऱ्याचा बळी घेतो. प्रस्तुत चित्रपटात तपासाचा प्रत्येक टप्पा एका द्वंद्वाने संपतो : पुरावा हाती लागतो न लागतो तोच शत्रू चालून येतो. दोऱ्यांच्या साहाय्याने हवेत तरंगणाऱ्या वीरांची परंपरागत तंत्रे आणि संगणकनिर्मित दृश्ये यांचा येथे संगम आहे. चिनी संगीतनाट्याच्या शाळेत लहानपणी कसरतीचे शिक्षण घेतलेल्या सामो हुंगने ही दृश्ये वेगवान, पण सहज समजतील अशी आखली आहेत. भुतांच्या बाजारातील व मूर्तीच्या पोकळ गाभ्यातील प्रसंग नेपथ्याच्या दृष्टीनेही संस्मरणीय आहेत.

दी याच्या हातातील शस्त्राची योजना अर्थपूर्ण आहे. तो तलवार वापरत नाही. त्याच्याजवळ राजाने बहाल केलेला एक धातूचा दंड असून आघाताच्या कंपनांवरून कोणत्याही वस्तूतील कमकुवत जागा त्याच्या साहाय्याने ओळखता येते. हे शस्त्र म्हणजे एका परीने तपासाचेच रूपक होय. आपल्याकडे ‘दंड’ या एकाच शब्दात काठी, शिक्षा आणि राजशासन हे तिन्ही अर्थ सामावले आहेत. तसेच काहीसे येथे घडते. दी याचा अधिकार सम्राज्ञीकडून येतो आणि त्याच अधिकाराच्या बळावर तो तिला मर्यादेची जाणीव करून देतो.

असे असले, तरी या रूपांतरात काही मोलाचे हरवलेही आहे. गुंगआन कथेचा कळसाध्याय म्हणजे भर न्यायालयातील सुनावणी. ती येथे नाही. साक्षीपुरावा, उलटतपासणी व सामान्य फिर्यादी यांना कथेत स्थान उरलेले नाही. परगण्यातील विधवा, शेतकरी व फेरीवाले यांच्या गाऱ्हाण्यांतून जुन्या कथेला जो सामाजिक आशय लाभे, त्याची जागा राजवाड्यातील कटाने घेतली आहे. ज्या न्यायाधीशाची कीर्ती हजारो सामान्य माणसांचे खटले निकालात काढल्याने पसरली, तो पडद्यावर मुख्यतः एका सिंहासनाचे रक्षण करतो.

या शेवटाविषयी मतभेद आहेत. ज्या राजवटीने तुरुंगात टाकले, तिलाच दी वाचवितो, ही सत्तेपुढील शरणागती होय, असा एक आक्षेप आहे. उलट, बंडाने होणारा रक्तपात टाळून राज्यकर्त्याला आतून वळण लावणे ही कन्फ्यूशसप्रणीत मंत्र्याची नीतीच तेथे दाखविली आहे, असे दुसरे मत आहे. इतिहासातील दी यानेही हाच मार्ग पत्करला होता. ज्या सम्राज्ञीच्या अधिकाऱ्यांनी त्याला मरणाच्या दारात नेले, तिच्याच मंत्रिमंडळात तो परतला आणि वारसाच्या प्रश्नावर तिचे मन वळवून त्याने तांग वंश टिकविला. चित्रपटातील शातुओ आणि दी हे एकाच अन्यायाचे बळी आहेत. एकाने सूडाचा मार्ग धरला, दुसऱ्याने सेवेचा. दोघांनाही अखेरीस प्रकाशाला मुकावे लागते, हा चित्रपटाचा खिन्न निष्कर्ष त्याला सामान्य साहसपटांपेक्षा वरच्या पायरीवर नेतो. करीना लाऊच्या अभिनयामुळे वू झेत्येन ही केवळ खलस्त्री न वाटता एकाकी, संशयी आणि तरीही राज्य चालविण्यास समर्थ अशी स्त्री वाटते.

गौरव व परिणाम : २०११ च्या हाँगकाँग चित्रपट पुरस्कारांत या चित्रपटाला उत्कृष्ट दिग्दर्शन व उत्कृष्ट अभिनेत्री (करीना लाऊ) यांखेरीज कलादिग्दर्शन, वेशभूषा व रंगभूषा, ध्वनिरचना आणि दृश्यचमत्कृती यांसाठीही पुरस्कार लाभले. त्याच्या यशानंतर त्सुई हार्कने दी याच्या तरुणपणावरील आणखी दोन चित्रपट काढले : यंग डिटेक्टिव्ह डी : राइज ऑफ द सी ड्रॅगन (२०१३) आणि डिटेक्टिव्ह डी : द फोर हेवन्ली किंग्ज (२०१८). या दोहोंत मार्क चाओ हा दी झाला आहे. त्यांत दृश्यवैभव वाढले, परंतु सम्राज्ञी व न्यायाधीश यांच्यातील ताणाला पहिल्या चित्रपटाइतकी धार राहिली नाही.

जुन्या गुप्तहेराला शस्त्रसज्ज करून पडद्यावर आणण्याची ही प्रवृत्ती केवळ चीनपुरती नाही. डिसेंबर २००९ मध्ये गाय रिची याने शेरलॉक होम्स या चित्रपटात होम्सला मुष्टियोद्धा म्हणून रंगविले होते. तेथेही जादूटोणा भासणाऱ्या मृत्यूंचा शेवटी रसायनशास्त्राने उलगडा होतो. तथापि होम्स हा खाजगी नागरिक असल्याने राज्यसत्तेशी त्याचे नाते सैल आहे; एखादे प्रकरण नाकारण्याची मुभा त्याला आहे. दी याला ती नाही. त्याचे पद, त्याचे शस्त्र व त्याचे प्राण ही तिन्ही राजसत्तेच्या हाती आहेत आणि त्या मर्यादेत राहूनच त्याला खरे बोलावयाचे आहे. प्रत्येक पिढीने त्याला नवे रूप दिले, तरी तो जुना झाला नाही, याचे कारण त्याच्या चातुर्यापेक्षा या बिकट स्थितीत अधिक आहे.